हुरमुंज

देवळाच्या कमिटीने ठराव केला: भिंतींना टाइल्स.
मोरबीचा माल, बारा बाय अठरा,
बदामी, कडेला सोनेरी वेल.
पुसायला सोपी, रंग जायचा नाही.
मी फिटर. माझा दर चौरस फुटावर.

कर्ली खाडीकडची भिंत आधी ठोकून पाहिली.
पोकळ वाजली की जुना गिलावा काढायचा,
हा धंद्यातला पहिला नियम.
पोपटी ऑइलपेंट सालीसारखा सुटला,
त्याखाली निळा,
निळ्याखाली चुन्याचे हात, जत्रेगणिक एक,
आणि मग छिन्नीच्या टोकाशी
लाल.

मी हात आखडला.
चिऱ्याचा म्हणावा तर चिरा इतका गुळगुळीत नसतो.
ओल्या फडक्याने पुसत गेलो तसतसं
लालात कोरलेलं पांढरं वर येत गेलं.
टोपीवाला बंदूकधारी, बुटांची टोकं वळलेली.
ढग, पण वेटोळ्यांचे,
मावशीच्या लोणच्याच्या चिनी बरणीवर असतात तसले.
आणि सुरईत एक फूल,
जास्वंद नव्हे, अबोली नव्हे,
तीन पाकळ्यांचं, उभं, पेल्यासारखं.
असलं फूल आमच्या देवाला
कुणी कधी वाहिलेलं नाही.

सगुण मेस्त्रीला खाटेवरून उठवून आणलं.
त्याने चष्मा काढला, भिंतीला गाल लावला.
"हो हुरमुंज. दर्यापलीकडसून येयचो, गलबतातसून.
शिंपल्यांचो चुनो, गूळ, तीन आठवडे भिजत.
मगे न्हयतल्या गोट्यान घासूचा,
घासूचा,
भिंतीत आपला तोंड दिसासर."

संध्याकाळी पोरीने मोबाइलवर दाखवलं:
इराणच्या कडेला एक बेट, हुरमुझ,
माती लाल, लाटेची किनारही लाल.
म्हणाली, बाबा, मेस्त्री हा शब्दसुद्धा
फिरंग्यांच्या बोटीतून उतरलाय, बाईंनी सांगितलं.
सगुणला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ हसला,
मग स्वतःचं आडनाव दोनदा पुटपुटला,
उसनी आणलेली वस्तू परत करण्याआधी
माणूस उलटसुलट करून बघतो तसं.

दुसऱ्या दिवशी गाभाऱ्याच्या दारावर एक चक्र निघालं.
सोळा पाकळ्या. मधोमध भोक,
तांदळाचा दाणा मावेल एवढं.
इथे कुणीतरी कर्कटकाचं टोक रोवलं होतं.
मी त्यात नख घातलं.
पंधरा पाकळ्या सारख्या, सोळावी अरुंद.
हिशेब चुकला होता गड्याचा
आणि त्याने चूकही तितकीच घासली होती,
गोट्याने, भिंतीत तोंड दिसेपर्यंत.
माझ्याकडे लेझर आहे. एक सूत हललं
तर माल परत जातो.

सेक्रेटरी नरहर सामंत म्हणाले,
"सुंदर आहे, नाही कोण म्हणतो?
पण माल आलाय, पैसे गेलेत,
आणि गावाने ह्या लाल भिंतीसाठी वर्गणी दिलेली नाही."
त्यांचंही खोटं नव्हतं.

रात्री खोका फोडला.
टाइलवरची सोनेरी वेल पहिल्यांदाच नीट पाहिली.
तीन पाकळ्या, उभ्या, पेल्यासारख्या.
मोरबीच्या मशिनला हे फूल कुणी दिलं असेल?
त्या माणसालाही कुणी दिलं असेल?
खोक्यावर फक्त बॅच नंबर होता.

खाडीकडच्या भिंतीला मी सिमेंट लावलं नाही.
नक्षी नाही तिथे तिथे पट्ट्या ठोकल्या,
पट्ट्यांवर बोर्ड, बोर्डावर टाइल्स,
मागे बोटभर हवा.
बावीस वर्षांत पहिल्यांदा
मुद्दाम पोकळ काम केलं
आणि बिलात लिहिलं नाही.
उद्याचा कुणी फिटर ठोकून बघेल.
नियम त्यालाही माहीत असणार.

आता आरतीला घंटा वाजली की
तिच्यामागून आणखी एक बारीक आवाज येतो,
उशिरा, मातीतून आल्यासारखा.
पुजारी म्हणतात घंटेला चीर गेली.
कमिटीपुढे सध्या
नव्या घंटेचा ठराव आहे.